फॉर्मची वही : पहिल्या सत्रातल्या मुलामुलींशी बोलताना

(सप्टेंबरमधल्या एका रविवारी होसकोट्यात मराठी बोलणारी काही तरुण मंडळी जमली होती. काही बंगळुरूच्या या बाजूच्या कॉलेजांत शिकणारी, काही इथल्या कारखान्यांत आणि गोदामांत काम करणारी. त्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप.)

जय भीम.

मला बोलावताना सांगितलं गेलं की नवीन मुलंमुली आली आहेत, त्यांना जरा मार्गदर्शन करा. मी इथल्या एका गोदामात हिशेब बघते. किती गाड्या आल्या, किती माल उतरला, कुठली पावती जुळत नाही, हे माझं रोजचं काम. त्यामुळे मार्गदर्शन वगैरे मला जमणार नाही. मी दोनच गोष्टी सांगणार आहे. एक माझ्याकडून राहून गेलेली, आणि एक त्यानंतर सुरू केलेली.

मी बीदर जिल्ह्यातली, भालकी तालुक्यातली. आमच्या घरात मराठी, बसच्या पाटीवर कन्नड आणि बाजारात दोन्ही. माय-बाप दोघंही दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणारे. पदवीचा कागद आमच्या घरात पहिल्यांदा माझ्या नावानं आला. शिकायला मी महाराष्ट्रात गेले. विद्यापीठ लहान होतं. एक सरळ रस्ता, दोन वसतिगृहं, एक कँटीन आणि एक सभागृह. सभागृहाचा पंखा भाषण सुरू झालं की आवाज करायचा.

निघताना मायनं एकच वाक्य सांगितलं होतं : "अभ्यासाशी काम ठेव." तुमच्यातल्या किती जणांना हे सांगितलं गेलं, हात वर करा. बघा, सगळ्यांनीच केला. मी या वाक्याची थट्टा करत नाही. ज्यांनी आयुष्यभर मान वर केली की काय होतं ते पाहिलंय, ते आपल्या लेकराला दुसरं काय सांगणार? कुणाच्या नजरेत येऊ नको, कुणाच्या तोंडी लागू नको, कागद घे आणि घरी ये. आमच्या लोकांनी स्वतःला जपायला शोधलेली ती वाट आहे. पण त्या वाटेनं चालताना माझ्या हातून काय सुटलं, ते आज सांगायचं आहे.

पहिला शरद

लहान विद्यापीठात ऑगस्ट संपला की वर्गांपेक्षा बाहेरच जास्त घडायला लागतं. युवक महोत्सवाची नोटीस लागते, नाटकाच्या तालमी सुरू होतात, राष्ट्रीय सेवा योजनेची नावनोंदणी, वक्तृत्व स्पर्धा, नवरात्र, मग दिवाळीची सुट्टी, आणि परत आलं की परीक्षा. या दोन-तीन महिन्यांत कोण कुणाचं मित्र, कोण कुणाला ओळखतं, कुणाचं नाव प्राध्यापकांना पाठ आहे, हे ठरून जातं. पुढची तीन वर्षं बहुतेक तेच राहतं.

तालमीत कोण होतं? ज्यांच्या शाळेत स्नेहसंमेलन दरवर्षी व्हायचं, ज्यांच्या घरी हार्मोनियम होती, ज्यांना माइकसमोर उभं राहायची सवय होती ते. त्यांनी आम्हाला हाकललं असं मी म्हणणार नाही. कुणी हाकललं नाही, आणि कुणी बोलावलंही नाही. मी छातीला स्वयंसेवकाचा बिल्ला लावून तीन दिवस खुर्च्या उचलल्या. महोत्सवाचा एकही कार्यक्रम मी बसून पाहिला नाही. खुर्च्या मोजून परत द्यायची जबाबदारी माझी होती.

त्याच दिवसांत आमच्याकडं सोयाबीन काढायला येतं. दसऱ्याच्या आगेमागे मुलांच्या वसतिगृहातल्या कितीतरी खोल्यांना कुलपं असायची. कुणी घरच्या अर्ध्या एकरासाठी गेलेलं, कुणी रोजंदारीसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या सोयाबीनसाठी. वर्गात हजेरी घेताना सर हसून म्हणायचे, "यांची दिवाळी आधीच सुरू झाली वाटतं." मुलं परत यायची तेव्हा हात शेंगांनी खरचटलेले असायचे आणि हजेरी कमी भरलेली असायची. शरद ऋतू दोन होते. एक सभागृहातला आणि एक रानातला. आमची मुलं दुसऱ्यात होती, आणि त्यांची नोंद मात्र 'गैरहजर' अशी पहिल्यात होत होती.

माझी खोलीसोबतीण

आमच्या खोलीत आम्ही दोघी. ती तांड्यावरची, बंजारा घरातली. आईबाप उसाच्या टोळीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, हे तुमच्यातल्या कितीतरी जणांना माहीत आहे. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरायचा, आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं.

ती माझ्यापेक्षा हुशार होती. तिचं अक्षर सुंदर होतं आणि ती रात्री एकच दिवा ठेवून लिहायची. ऑक्टोबरमध्ये ती मेसला जेवायला कमी यायला लागली. मला म्हणाली, पोट बरं नाही. मी विश्वास ठेवला. खरं तर विश्वास ठेवणं सोयीचं होतं. माझीही शिष्यवृत्ती आलेली नव्हती, माझाही फॉर्म कुठंतरी अडकला होता, आणि मीही ते कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याला विचारलं जाऊ नये म्हणून आपण दुसऱ्याला विचारत नाही. एका खोलीत दोघी, दोघींचा प्रश्न एकच, आणि दोघी गप्प.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिचे वडील आले. मेसची थकबाकी त्यांनी काउंटरवर रोख भरली. ते पैसे मुकादमाच्या उचलीतले होते, हे मला नंतर कळलं. थकबाकी भरली आणि तिला घेऊन गेले. टोळीबरोबर जाताना धाकट्या दोघांना सांभाळायला कुणीतरी लागत होतं. "सुट्टी संपली की येते," असं ती म्हणाली. गादीची वळकटी तिनं कॉटवर तशीच ठेवली होती. वळकटी उन्हाळ्यापर्यंत तिथेच होती.

पुढच्या वर्षी तिचा फोन आला तेव्हा कळलं. बारावीच्या वर्षाची तिची शिष्यवृत्ती त्या ऑक्टोबरमध्येच जमा झाली होती. पण शाळेत असताना तालुक्याच्या बँकेत काढलेल्या जुन्या खात्यात. नवीन खात्याचा नंबर तिनं फॉर्मवर लिहिला होता. पण थेट जमा होणारा पैसा फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातोच असं नाही. आधार ज्या खात्याला जोडलेलं असतं त्या खात्यात तो जातो. तिला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. रक्कम काही मोठी नव्हती, पण मेसचे दोन महिने निघाले असते. तिच्या बापाला उचलीला हात लावावा लागला नसता.

एका मुलीचं शिक्षण तुटलं, आणि त्याचं कारण ती 'कच्ची' होती असं नाही. तिचे पैसे आलेले होते. फक्त ते आलेत का, हे बघायला तिच्याबरोबर कुणी नव्हतं. आणि जी जवळ होती ती अभ्यासाशी काम ठेवून बसली होती.

वही

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये मी दोनशे पानी वही आणली. रकाने आखले : नाव, वर्ग, फॉर्म कधी भरला, पावती नंबर, कुठे अडकला, आधार कुठल्या खात्याला जोडलंय. आणि शेवटचा रकाना : सोबत कोण जाणार.

पहिल्या शुक्रवारी जेवणानंतर वसतिगृहाच्या वऱ्हांड्यात आम्ही पाच जणी बसलो. लाज फार वाटत होती. आपल्या घरचं उत्पन्न दुसऱ्यासमोर बोलायचं म्हणजे अंगावरचं ठिगळ दाखवण्यासारखं वाटतं. मी माझं आधी सांगितलं. मग एक बोलली, मग दुसरी. महिन्याभरात सतरा जणी झाल्या. एकीच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली होती. एकीच्या दाखल्यावर आडनाव वेगळं होतं. एकीला महाविद्यालयानं फॉर्म परत पाठवलाय हेच माहीत नव्हतं, कारण तो निरोप पोर्टलवर होता आणि तिच्या फोनमध्ये नेट नव्हतं.

शेवटच्या रकान्यानं काम केलं. एकटी मुलगी खिडकीशी गेली की "उद्या या" असं उत्तर मिळतं. चौघी वही घेऊन गेल्या की फाईल उघडते. आम्ही भांडलो नाही, घोषणा दिल्या नाहीत. वहीत तारीख लिहायचो आणि विचारायचो, "आज काय झालं म्हणून लिहू?" एवढंच.

वहीत फक्त आमच्याच समाजाच्या मुली नव्हत्या. बंजारा, वडार, धनगर, मुस्लिम, आदिवासी, सगळ्या होत्या. प्रत्येकीचा विभाग वेगळा, खिडकी वेगळी, शासन निर्णय वेगळा. सरकारनं आम्हाला वेगवेगळ्या रांगांत उभं केलं होतं. वऱ्हांड्यात मात्र सतरंजी एकच होती. तिथेच मला पहिल्यांदा कळलं की बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत येतो, आमच्या कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत. तांडा तोच, भाषा तीच, पण राज्याची हद्द ओलांडली की हक्काचा कागद बदलतो.

मग एका शुक्रवारी एकीनं विचारलं, "ही शिष्यवृत्ती कुणी सुरू केली?" कुणालाच सांगता आलं नाही. पुढच्या शुक्रवारी शोधून आणलं. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालची आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. म्हणजे ज्या रांगेची आम्हाला लाज वाटत होती, ती रांग आमच्या माणसांनी झगडून मिळवलेली होती. त्या दिवसापासून वही मिटल्यावर अर्धा तास वाचन सुरू झालं. फॉर्ममुळे आम्ही एकत्र आलो, आणि फॉर्म भरून झाल्यावरही उठलो नाही.

नाटक त्यातूनच आलं. तिसऱ्या वर्षी युवक महोत्सवात आम्ही पथनाट्य घातलं. विषय रांगेचाच. आमच्या वसतिगृहाचं फाटक साडेसातला बंद व्हायचं, मुलांचं नाही. म्हणून तालमी मेस रिकामी झाल्यावर मेसमध्येच केल्या. टेबलं सरकवायची आणि संपल्यावर पुन्हा लावायची. आम्हाला बक्षीस मिळालं नाही. पण दुसऱ्या दिवशी मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या काकी म्हणाल्या, "माझ्या पोरीचं नाव लिहिता का वहीत? दहावी झालीय तिची." मला ते बक्षिसापेक्षा मोठं वाटलं. आजही वाटतं.

हे आपण पहिल्यांदा करत नाही

आता कुणी म्हणेल, नाटक, वाचन, खेळ हे पोट भरलेल्यांचे उद्योग. आपण आधी डिग्री घ्यावी, नोकरी घ्यावी. मलाही तसंच वाटायचं. पण आपल्याच चळवळीचा इतिहास काढून बघा.

बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९२५ मध्ये, सभेनं सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. तिथल्या विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक काढलं. मुंबईत सभेनं मोफत वाचनालय चालवलं आणि महार हॉकी क्लबही चालवला. हॉकी! ज्यांच्या मुलांना वर्गात बसायला जागा नव्हती, त्यांच्या संस्थेनं हॉकीच्या काठीवर पैसा खर्च केला. याचा विचार करा. जेवायला ताट, राहायला खोली, वाचायला पुस्तक, लिहायला मासिक आणि खेळायला मैदान, हे सगळं त्यांनी शिक्षणातच धरलं होतं. वरची चैन म्हणून नव्हे.

पुढे १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं. तिथे विद्यार्थ्यांची संसद भरायची आणि बाबासाहेब स्वतः त्या संसदेत येऊन बोललेले आहेत. १९५० साली औरंगाबादला जे महाविद्यालय सुरू झालं, ते आजचं मिलिंद. तेव्हा ते एक लहानसं कॉलेज होतं, माळरानावरचं. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं. कॉलेजात बाबासाहेबांसमोर त्याचा प्रयोग झाला, आणि १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरला दीक्षेसाठी लोटलेल्या जनसमुदायासमोरही झाला. एका लहान कॉलेजचं नाटक एका समाजाच्या सर्वांत मोठ्या दिवसापर्यंत पोचलं. त्याच मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी पुढे 'अस्मितादर्श' चालवलं आणि दलित साहित्याच्या पिढ्या त्यावर वाढल्या.

आणि खोलीसोबत्याचीही एक गोष्ट आहे. १९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. कोलंबिया विद्यापीठाच्या पहिल्या शरद सत्राच्या सुमाराला त्यांनी राहायच्या जागा बदलल्या. आधी हार्टली हॉल, मग कॉस्मोपॉलिटन क्लब, मग लिव्हिंग्स्टन हॉल. या शेवटच्या जागी त्यांना खोलीसोबती मिळाला, नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी. ही मैत्री आयुष्यभर टिकली. १९२० साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा स्वतःच्या बचतीला जोड होती शाहू महाराजांच्या मदतीची आणि या भथेनांकडून घेतलेल्या कर्जाची. म्हणजे बाबासाहेबांच्या खोलीसोबत्याला त्यांची अडचण माहीत होती. त्यांनी ती सांगितली होती. मी हे वाचलं तेव्हा मला माझ्या खोलीतली ती वळकटी आठवली.

आपला शरद

आता तुमच्या या सत्राबद्दल. विद्यापीठाच्या उपक्रमांची यादी नोटीस बोर्डावर लागली असेलच. तिच्याशेजारी मी आपली यादी लावते. मराठी वर्षाचा हा काळ आपल्या तारखांनी भरलेला आहे.

२४ सप्टेंबर. १८७३ साली याच दिवशी जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापला. १९३२ साली याच तारखेला पुणे करार झाला. आणि १९६९ साली याच दिवशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, म्हणून कॉलेजात या दिवशी कार्यक्रम असतोच. तुम्ही त्यात खुर्च्या उचलणार असाल तर उचला, पण पाच मिनिटं माइकही मागा. सत्यशोधक समाजाबद्दल बोला. तारीख एकच असल्यामुळे कुणाला नाही म्हणता येणार नाही.

१४ ऑक्टोबर. नागपूरला जाता आलं तर जा. नाही जाता आलं तर त्या दिवशी वहीचा पहिला हिशेब करा. कुणाचे फॉर्म पुढे गेले, कुणाचे अडले. सुट्टीत घरी जाताना कुणाला कुठला दाखला आणायचा आहे, ते लिहून द्या. दिवाळीच्या सुट्टीत तहसील कार्यालयही बंद असतं, हे आधीच लक्षात ठेवा.

७ नोव्हेंबर. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. महाराष्ट्रात हा आता विद्यार्थी दिवस आहे. या दिवशी हार घालू नका असं मी म्हणत नाही, पण हार घातल्यावर गोल करून बसा आणि प्रत्येकानं आपल्या शाळेचा पहिला दिवस सांगा. पाण्याचा माठ कुठे होता, कुठल्या बाकावर बसवलं, ते सांगा. आपल्या आठवणी आपण एकमेकांना सांगत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं की हे फक्त माझ्याशीच झालं.

२६ नोव्हेंबर. संविधान दिनाला उद्देशिका सगळीकडे वाचतात. तुम्ही त्याच्या पुढचं एक पान वाचा. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१२ साली उच्च शिक्षणातल्या समतेसाठी नियम केले. समान संधी कक्ष हवा, भेदभावाची तक्रार ऐकणारा अधिकारी हवा, असं त्यात सांगितलं. तुमच्या विद्यापीठात हा कक्ष कुठल्या खोलीत आहे, आणि खोलीला कुलूप आहे की माणूस, ते त्या दिवशी जाऊन बघा. सात-आठ जण मिळून बघा.

मग २८ नोव्हेंबर, जोतीरावांचा स्मृतिदिन. मग ६ डिसेंबर. तोपर्यंत परीक्षा तोंडावर आलेली असेल. मुंबईला जाणाऱ्यांच्या नोट्स मागे राहणाऱ्यांनी लिहून ठेवायच्या. हाही उपक्रमच.

इथे, या राज्यात

तुम्ही महाराष्ट्रातून इथे शिकायला आला असाल तर एक गोष्ट आजच पक्की करा. शिष्यवृत्तीचा अर्ज आपल्या मूळ राज्याकडे करायचा असतो. महाराष्ट्राच्या जातीच्या दाखल्यावर कर्नाटकाच्या खिडकीत शिष्यवृत्ती मिळत नाही. माझ्या बाबतीत हेच उलट झालं होतं, आणि चुकीच्या खिडकीपुढे मी दीड महिना घालवला. बँकेत आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि थेट लाभासाठी खातं आधारला जोडलेलं असणं वेगळं. बँकेत जाऊन दुसरी गोष्ट विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

दुसरं, कन्नड शिका. माझं अर्धं आयुष्य कन्नडच्या कडेला गेलं, तरी मला ती नीट यायला होसकोट्याला यावं लागलं. पुढच्या महिन्यात कॉलेजात राज्योत्सवाची तयारी सुरू होईल. १ नोव्हेंबर आपल्या सीमाभागात काही लोकांसाठी आनंदाचा दिवस असतो आणि काही लोकांसाठी काळा दिवस. मी त्या वादात आज पडत नाही. एवढंच सांगते की भाषेच्या अभिमानाखाली जात कशी झाकली जाते, हे या राज्यातल्या दलित मुलांनी ५० वर्षांपूर्वी पाहिलं. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये बी. बसवलिंगप्पा या दलित मंत्र्यांनी म्हैसूरमध्ये बोलताना कन्नड साहित्यातलं पुष्कळसं 'बूसा', म्हणजे भुसा आहे, असं म्हटलं. त्यावरून गदारोळ झाला, दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. त्या मार खाल्लेल्या विद्यार्थ्यांतूनच पुढे दलित संघर्ष समितीची चळवळ उभी राहिली. तोही शरदच होता, आणि तीही कॉलेजातली मुलंच होती. तुमच्या वसतिगृहात शेजारच्या खोलीत कोलारचा, चिंतामणीचा, मालूरचा जो मुलगा आहे, त्याच्या घरी हा इतिहास तोंडपाठ असेल. त्याला विचारा. तुमची युगयात्रेची गोष्ट त्याला सांगा. वहीचे रकाने दोन्ही लिप्यांत आखा.

तुमचं कॉलेज लहान आहे, तिथे आपली संघटना नाही, असं मघाशी कुणीतरी म्हणालं. खरं आहे. हैदराबादला आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन आहे, दिल्लीला बापसा आहे. तिथे नवीन मुलगा आला की त्याला कुणीतरी शोधत येतं. लहान विद्यापीठात कुणी शोधत येत नाही. पण तिथे सुरुवात करायला पाच जणच लागतात. मद्रास आयआयटीतलं आंबेडकर पेरियार स्टडी सर्कल हेही नावाप्रमाणे अभ्यासमंडळच होतं. तरी २०१५ साली प्रशासनानं त्याची मान्यता काढली, देशभर आवाज उठला आणि ती परत द्यावी लागली. एकत्र बसून वाचणं किती मोठी गोष्ट आहे, हे आपल्याला कळायच्या आधी त्यांना कळतं.

शेवटी

माझ्या खोलीसोबतिणीशी अजून बोलणं होतं. तिचं लग्न झालं, एक मुलगी आहे. तिनं पुढे शिक्षण पूर्ण केलं, असं मी तुम्हाला सांगू शकले असते तर बरं वाटलं असतं. नाही केलं. मागच्या वर्षी मी तिला विचारलं, "त्या ऑक्टोबरमध्ये मी तुला नीट विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस का?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माहीत नाही. पण तू विचारायला हवं होतंस."

म्हणून मायच्या वाक्यात मी थोडी भर घालते. अभ्यासाशी काम ठेवा, आणि शेजारच्या कॉटवर कोण आहे त्याच्याशीही ठेवा. ती जेवायला का येत नाही, तो दसऱ्यापासून वर्गात का नाही, हे विचारणं अभ्यासाच्या बाहेरचं नाही. आपल्यासाठी विद्यापीठात पहिला उपक्रम तोच आहे. वाचन, नाटक, भाषण, मासिक सगळं त्यातून येईल.

मी येताना एक वही आणली आहे. रकाने आखलेले आहेत. ती आता फिरवते. नाव लिहा, फॉर्म कुठे अडकलाय ते लिहा, लाजू नका. ज्यांची नोकरी लागली आहे आणि ज्यांना फॉर्म भरायचा नाही, त्यांच्यासाठी शेवटचा रकाना आहे : सोबत कोण जाणार. तो रिकामा ठेवू नका. पहिलं नाव मी लिहिलं आहे. सोमवारी मला सुट्टी असते.

जय भीम.